राजदूतची लदेणी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. दारव्हा

आजपासून मी मुका आहे.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी काल घशात दुर्बीण घातली आणि पडद्यावर दाखवलं. दोन स्वरतंतू आणि त्यांवर ज्वारीच्या कण्यांएवढ्या गाठी. "किती वर्षं भाषणं करताय?" त्यांनी विचारलं. कॉलेजात होतो तेव्हापासून, मी म्हटलं. "माइकशिवाय?" ज्या तांड्यावर वीज नसते तिथं माइकशिवायच बोलावं लागतं, वीज का नसते हा खरा प्रश्न आहे, असं मी सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "डिसेंबरच्या मध्यापर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. गाठी बसल्या तर बसल्या. नाहीतर कापाव्या लागतील, आणि मग जो आवाज उरेल तो तुमचाच असेल अशी हमी मी देणार नाही."

मी पुन्हा तोंड उघडलं. रंजितानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला पहिल्यांदा वाक्याच्या मध्ये थांबवलं.

परत येताना तिनं बाजारातून पाटी घेतली. पाटीवर सात-आठ शब्द मावतात. हुकूम सोडायला ती उत्तम आहे, विचार मांडायला नालायक. जगातला प्रत्येक हुकूमशहा पाटीवर खूश झाला असता. म्हणून ही वही.

तीन कार्यक्रम कबूल केलेले आहेत. सोळाला बाभुळगावचा युवक मेळावा, तीसला वणीची व्याख्यानमाला आणि चौदा डिसेंबरला बोरतांड्यावर मुलींच्या वाचनालयाचं उद्घाटन. पहिल्या दोघांना नकार कळवता येईल. तिसऱ्याला कसं कळवू? ममता माझी विद्यार्थिनी, त्या तांड्यावरची पहिली शिक्षिका. घरोघरी फिरून, लोकांच्या पाया पडून तिनं ती खोली उभी केली आहे. मुलींना पुस्तकं द्या, हे मी आयुष्यभर ओरडत आलो. जिथं ती खरोखर दिली जाणार, तिथंच मी गप्प बसायचं?

डॉक्टरांकडं फेरतपासणी पंधराला आहे. एक दिवस उशिरा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, राजदूत मोटारसायकल आज घरी आली! बापू गेल्यापासून ती गोठ्यामागं उभी होती, कोंबड्या तिच्यावर झोपायच्या. हरिसिंगनं ती ढकलत नेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. हरिसिंग माझा शाळेपासूनचा मित्र. बसस्टँडच्या मागं त्याचं वेल्डिंगचं आणि गाड्यांचं वर्कशॉप आहे. बोलतो माझ्याइतकंच, फक्त त्याला कोणी शाल देत नाही.

गाडी ओळखू येईना. टाकी पळसाच्या फुलासारखी केशरी. हँडल रुंद. सायलेन्सर उजव्या बाजूनं वर उचलून सीटच्या खालून मागं नेलेला. सीट मात्र कापून एका माणसापुरती केलेली.

"हे फॅशन हाये," हरिसिंग म्हणाला. "जुन्या गाड्यांले सगळे असंच करून राह्यले. मागं कोरं ठेवाचं."

दुसऱ्या किकला ती बोलली. काय आवाज! माझा गेला तर गेला, हिचा शाबूत आहे, असं क्षणभर वाटून गेलं.

रंजिता दारात उभी राहून बघत होती. "शनिवार-रविवार फिरा हिच्यावर," ती म्हणाली. "बोलाचं नाही तं निदान पाहा. जिल्हा पाह्यलाच कुठं तुमी? मंडपच पाह्यले."

टोचलं, पण खरं आहे. कोणत्या तालुक्यात पिवळा मंडप घालतात आणि कुठं लाल, हे मी सांगू शकतो. झाडं कुठली आहेत ते नाही.

मी पाटीवर लिहिलं: सहस्रकुंडचा धबधबा.

"अन् सामान?" हरिसिंग म्हणाला. "डोक्श्यावर घेशीन काय बे?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

हरिसिंगनं मोबाइलवर गाडीला लावायच्या पेट्या दाखवल्या. ॲल्युमिनियमच्या, चौकोनी, दवाखान्यातल्या कपाटासारख्या. त्या लावून फिरणाऱ्या माणसाकडं बघून वाटावं, हा निसर्ग बघायला नाही, त्याचं पोस्टमॉर्टेम करायला निघाला आहे. मी साफ नकार दिला.

आम्ही कोण आहोत? आमच्या बंजारा वाडवडिलांनी अर्ध्या देशाचं मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर वाहिलं. हजार हजार बैलांची लदेणी निघायची. एकेका बैलाच्या पाठीवर जोडगोण टाकलेली, एक थैली इकडं, एक तिकडं. ना खिळा, ना पट्टा. दोन्हीकडच्या वजनाचा तोल, बस. आणि त्यांचा पणतू सामान बांधायला बाहेरून पेटी मागवणार?

पाटीवर लिहिलं: नटबोल्ट नको. गोण.

हरिसिंगनं पाटी वाचली, गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "खेम्या, बैलाले सायलेन्सर असते काय बे?"

तंत्राच्या माणसांना इतिहासाची भीती वाटते, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गोण तयार. रंजिताचा शिवणाचा वर्ग आहे, घरात मोठं मशीन आहे. बाहेरून ताडपत्री, आतून मऊ अस्तर हवं, असं तिनं ठरवलं आणि माझी पेटी ओढली. शालींची पेटी.

प्रत्येक भाषणामागं एक शाल. चाळीस वर्षांत ती पेटी तिसरी झाली. कोणी वापरत नाही, कोणाला देता येत नाही. मी पाटी घेऊन धावलो. लिहिलं: हा सन्मान आहे.

"सन्मानाले कसर लागली," ती म्हणाली आणि पांढरकावड्याची शाल कापली.

मग बाहेरच्या पट्टीवर तिनं तिच्या आईकडचं भरतकाम लावलं, आरसे आणि कवड्यांसकट. यावर मात्र मी खूश झालो. आमच्या बायांचं भरतकाम काचेच्या कपाटात ठेवून टाळ्या वाजवणाऱ्यांविरुद्ध मी अनेकदा बोललो आहे. ते धुळीत, उन्हात, वापरात असलं पाहिजे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चाचणी.

दोन्ही थैल्यांत सारखं वजन भरलं, विटा कापडात गुंडाळून. गोण मागं टाकली आणि दिग्रसच्या रस्त्याला लागलो. तूर फुलावर आली आहे. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बायांनी मान वर करून पाहिलं, मी हात केला. याच वाटेनं माझ्या पणज्याचे बैल गेले असतील, याच उतारावर घंटा वाजल्या असतील, असं मनात येऊन छाती भरून आली.

तेवढ्यात जळका वास आला. कोणीतरी शेताच्या धुऱ्यावर काडीकचरा पेटवला असणार. या सवयीनं जमिनीचं किती नुकसान होतं, यावर मी मनात एक संपूर्ण परिच्छेद तयार केला. चांगला झाला होता.

मागून जीप आली, माणसांनी लदलेली. "ओ काकाजी! तुमची गाडी पेटून राह्यली!"

"गाडी नाही बे, बोचकं!" टपावरून एकजण ओरडला.

मी थांबलो. उजवी थैली घसरून सायलेन्सरला टेकली होती. ताडपत्री वितळली होती, आत पांढरकावडा धुमसत होता. जीपमधल्या एका बाईनं उतरून बाटलीभर पाणी ओतलं. मी हात जोडले. ती काहीतरी विचारत होती, मी पुन्हा हात जोडले.

"मुके हायेत वाटते बिचारे," ती जीपमध्ये चढता चढता म्हणाली. "सांभाळून जा, बाबा!" हे मोठ्यानं, हातवारे करून.

दारव्हा तालुक्यात मला कोणीतरी मुका समजलं. बिचारा समजलं. रस्त्याच्या कडेला बसून मी खूप वेळ हसलो. हसायलाही आवाज काढायचा नव्हता, त्यामुळं नुसते खांदे हलत होते.

हरिसिंगनं जळलेली थैली उचलली, भोकाला डोळा लावला आणि त्यातून माझ्याकडं पाहत राहिला.

इतिहास चुकलेला नाही. बैल थंड प्राणी आहे, एवढंच मी विसरलो.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज बाभुळगावचा मेळावा. नकार कळवला होता, पण मागच्या रांगेत बसून ऐकायला काय हरकत आहे, आणि अगदीच आग्रह झाला तर दोन शब्द, असं मनात होतं. रात्री रंजिताला पाटीवर लिहून तेवढं सांगितलंही.

सकाळीच हरिसिंगचा फोन आला, गाडी घेऊन आत्ताच्या आत्ता ये, थैल्या अडकवायला सांगाडा करू, त्याचं माप घेऊ. गेलो, तर त्याच्याकडं टेपच नाही. टेप शोधण्यात दुपार झाली. शेवटी तो त्याच्याच शर्टाच्या खिशात निघाला. असल्या माणसाच्या हाती मी काम सोपवलं आहे.

घरी आलो तेव्हा रंजितानं विचारलंसुद्धा नाही की उशीर का झाला. तिला या गाडीत रस नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वीज नाही. वेल्डिंग नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सांगाडा झाला. पाइप वाकवून, सीटखाली आणि मडगार्डला धरून. उजव्या बाजूला सायलेन्सर असल्यामुळं तिकडं अरुंद थैली आणि मध्ये पत्र्याची जाळी. डाव्या बाजूला जागाच जागा, म्हणून तिथं मोठी, पोटभर थैली. मी नटबोल्टला मान्यता दिली. विचारांवर ठाम राहणं वेगळं आणि आडमुठेपणा वेगळा.

आम्ही दोघं आपल्या कामाकडं बघत उभे होतो, तेव्हा रंजिता डबा घेऊन आली. तिनं डबा ठेवला, गाडीला एक फेरी मारली, पदर खोचला आणि मागं बसायला गेली. आपल्या बाया बसतात तशी, एका अंगानं, दोन्ही पाय डावीकडं. पाय जाणार कुठं? तिथं पोटभर थैली. तिचे गुडघे हनुवटीला लागले. आणि सीट तर अर्धीच, त्यामुळं ती बसली होती बहुतेक हवेत.

"दोघंबी शहाणे एकाच शाळेतले," ती म्हणाली.

हरिसिंगनं डोकं खाजवलं. "वहिनी, तुमी बी जाऊन राह्यल्या काय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिचा संकोच दूर करायला पटकन पाटीवर लिहिलं: फक्त तपासत आहे.

हरिसिंगनं पाटी वाचली आणि का कोण जाणे, कपाळावर हात मारला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रंजितानं सीट लांब करायला लावली. सामान वर बांधायला ते बरंच पडेल, तिला उशिरा का होईना रस आला. तिच्या मशीनवर जाड कापडाच्या दोन विजारी दिसल्या. वर्गातल्या कोणाच्या तरी असतील. विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक हाये एक. म्हातारपणी शौक आला तिले."

मी पाटीवर लिहिलं: छान! बायांनी कपड्यांची भीती सोडली पाहिजे.

"सांगते तिले," ती म्हणाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

वणीलाही जाणं झालं नाही. काल संध्याकाळी सगळं सामान गाडीवर चढवून झालं होतं. पहाटे निघून वणीचा रस्ता अजमावू, कोळशाच्या ट्रकांमध्ये गाडी कशी चालते ते पाहू आणि सहज व्याख्यानमालेच्या मंडपाकडं डोकावू, असा बेत होता. सकाळी उठतो तर रंजितानं उजवी थैली उसवून ठेवलेली. चांगली, मजबूत, मी स्वतः ओढून पाहिलेली थैली!

"बकल पुढं तोंड करून लागले," ती म्हणाली. "वाऱ्यानं पट्टे फडफडतीन अन् तुमच्या मांडीले फटके देतीन. मागं तोंड पाह्यजे."

दिवसभर ती टाके घालत बसली आणि मी दोरा ओवून देत बसलो. ती बोलत होती. लहानपणी त्यांच्या तांड्यावर ती मुलांशी पैजा लावून रेड्यावर बसायची. रेडा नाल्यात शिरला की सगळे ओरडायचे आणि ही उतरायची नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पाटीवर लिहिलं: कधी सांगितलं नाहीस?

"सांगाले जागा पाह्यजे ना," ती दातानं दोरा तोडत म्हणाली.

घर लहान आहे आमचं, हे खरं. पण बोलायला अंगण आहे की.

शुक्रवार, ५ डिसेंबर

तोलाचा प्रश्न. डावी थैली मोठी, उजवी अरुंद. दोन्ही भरल्या की गाडी डावीकडं ओढते. हरिसिंग म्हणाला, उजवीकडं लोखंड टाकू. मी म्हटलं (पाटीवर), लोखंड फिरवायला मी लोहार नाही. यावर आमचं भांडण झालं. मी लिहायचो, तो पुसायचा.

मग सुचलं. बोरतांड्याच्या वाचनालयाला मी पुस्तकं देणारच आहे. लहान जागेत जास्त वजन बसेल अशी पुस्तकांसारखी दुसरी वस्तू नाही. उजवीकडं पुस्तकं, डावीकडं रजया, कपडे, स्वयंपाकाची भांडी. भरून पाहिलं. गाडी सरळ उभी राहिली, सरळ धावली. दारव्ह्याच्या बाजारातून मी एक हात सोडून चालवत गेलो.

"चला," हरिसिंग म्हणाला, "तुह्या पुस्तकाईचा कायले तरी उपयोग झाला."

मंगळवार, ९ डिसेंबर

या वहीत खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. सहस्रकुंड नंतर. आधी शनिवारी निघून बोरतांडा, रविवारी उद्घाटन. आणि तिथं मी बोलणार आहे. पाच मिनिटं. हळू, माइक तोंडाशी धरून. तपासणी दुसऱ्या दिवशी आहे. एका दिवसानं काय बिघडतं?

हे लिहिलं आणि उठून अंगणात फिरून आलो. बिघडू शकतं. मला भीती वाटते. सभेत कधी वाटली नाही एवढी. आवाज गेला तर मी काय करीन? दुसरं काही मी शिकलोच नाही. पण ज्या दिवसासाठी बोलत आलो त्या दिवशी आवाज जपून ठेवला, तर तो जपलेला आवाज कुठं वापरायचा?

ममताला मेसेज केला: पाच मिनिटं बोलेन. घरी सांगू नकोस. तिचं लगेच उत्तर आलं, "हो सर." मुलगी शब्दाची पक्की आहे.

थोड्या वेळानं रंजिताला कोणाचा तरी फोन आला. स्वयंपाकघरात बराच वेळ बोलणं चाललं होतं, मध्येच हसणं. कशाची तरी कृती विचारत असेल कोणी.

शनिवार, १३ डिसेंबर. बोरतांडा

सकाळी गाडी भरून, बकलं ओढून, हेल्मेट घालून मी किक मारायला उभा होतो. घरातून रंजिता आली. जाड विजार, वर कुडता, केस बांधलेले, हातात दुसरं हेल्मेट.

मी बघत राहिलो. मग पाटी शोधायला लागलो.

"पाटी डाव्या थैलीत, एकदम तळाले," ती म्हणाली. "आता काढाची म्हणजे सगळं उतरवा लागंन. बसू का?"

आणि पाय टाकून बसली. रेड्यावर बसणारी मुलगी कशी बसत असेल, ते मला तेव्हा दिसलं. हरिसिंग कोपऱ्यावर उभा राहून शिट्ट्या मारत होता. त्याला पत्ता कसा लागला कोण जाणे.

हे मला कसं सुचलं नाही? ती येणार असं गृहीत धरायला हवं होतं, किंवा निदान विचारायला. पाटीवर "येतेस?" एवढा शब्द मावला असता. वाटेत हेच मनात होतं. मग अरुणावती नदीचं पाणी दिसलं, ती खांद्यावर थाप मारून म्हणाली, "थांबा, थांबा, ते कोणतं पाखरू हाये?" आणि आम्ही थांबलो. पाखराचं नाव दोघांनाही आलं नाही. भाकरी, ठेचा खाल्ला. तिनं डुलकी काढली. मी तिच्यावर रजई टाकायला उठलो, तर डावी थैली उघडावी लागली आणि तळाची पाटी हाताला लागली. मी ती तिथंच राहू दिली.

रविवार, १४ डिसेंबर. बोरतांडा, संध्याकाळ

आता क्रमानं लिहितो, नाहीतर काही राहून जाईल.

शाळेशेजारची एक खोली, निळा रंग दिलेली. समोर मंडप, पिवळा. सगळा तांडा जमलेला, शेजारचे दोन तांडेही. राजदूत मी मंडपाच्या बाजूला उभी केली होती. बायांचा घोळका तिच्याभोवती. माझ्याकडं कोणी पाहत नव्हतं. "टाका पाह्य, टाका," असं एकमेकींना दाखवत त्या भरतकामाच्या पट्टीवरून हात फिरवत होत्या, आणि रंजिता विजारीत उभी राहून त्यांना सांगत होती, कोणता आरसा कोणाकडचा.

ममतानं मला अध्यक्ष केलं. अध्यक्ष शेवटी बोलतो. मला ते सोयीचं वाटलं. चार मुली बोलल्या. घाबरत, अडखळत. एक मध्येच थांबली आणि म्हणाली, "पुढचं आठवत नाही, पण मले वकील व्हाचं आहे," आणि खाली बसली. एवढ्या टाळ्या मला आजवर पडलेल्या नाहीत.

मग ममता माइकवर आली. "आता आपले सर."

मी उठलो. माइक समोर. सगळा मंडप गप्प झाला. ती शांतता मला ओळखीची आहे, तिच्यासाठीच मी आयुष्यभर गावोगाव गेलो. मी श्वास घेतला. पहिला शब्द जिभेवर होता. मला पडद्यावरच्या त्या दोन गाठी दिसल्या. तरी मी थांबलो नसतो. हे मी खरं लिहितो. मी बोललोच असतो.

पुढच्या रांगेत धनीबाई बसली होती. तांड्यावरची सगळ्यांत म्हातारी, सगळे तिला याडी म्हणतात, आई. ती काठी टेकत उभी राहिली आणि माइक नसताना, मला हेवा वाटावा अशा आवाजात म्हणाली, "खेमसिंग भिया! बोलणं तं तुह्यं नेहमीचंच हाये. लदेणी आली का आधी गोण उतरवत असते. काय आणलं ते दाखव ना!"

मंडप हसला. पोरं गाडीकडं धावली. मागून कोणीतरी म्हणालं, "दाखवा सर, दाखवा!" मी तोंड उघडं ठेवून उभा. धनीबाई बसता बसता रंजिताकडं बघत होती. रंजिता दुसरीकडंच पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, बहुतेक पोरांच्या धावण्याचं.

म्हाताऱ्या माणसाचं ऐकायलाच हवं. मी खाली उतरलो, राजदूतच्या उजव्या बाजूला गेलो, बकल काढलं.

पहिलं पुस्तक हातात आलं ते म्हणजे शब्दकोश. जवळच्या मुलीला दिलं. त्याचं काय करायचं ते तिला कळेना. ती सरळ माइकपाशी गेली आणि नाव वाचून दाखवलं, मोठ्यानं, शाळेत हजेरी देतात तसं. मग दुसरी आली. विहिरी आणि भूजल. तिसरी, जगाचा नकाशा. चौथी, सापांची ओळख, यावर मुलगे आरडाओरडा करायला लागले, आम्हालाही द्या. कायद्याचं एक जाड पुस्तक मी त्या वकील होणारीला दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, नाव वाचलं आणि मग, कोणी सांगितलं नसताना, पहिलं पानही वाचायला लागली. ममतानं तिला थांबवलं नाही. एकीला ताऱ्यांचं पुस्तक मिळालं, ती माइककडं गेलीच नाही. जिथं उभी होती तिथंच मातीत बसली आणि वाचत सुटली.

"यात लदेणीचं काही हाये का?" धनीबाईनं विचारलं. होतं. मी तिच्या हातात दिलं. "हे माह्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. "रोज एक पोरगी येईन, वाचून दाखवीन. नाही आली तं मी तिच्या घरी जाईन."

एकेक पुस्तक मी काढत होतो आणि एकेक आवाज माइकवरून येत होता. बारीक, जाड, चिरका, घाबरलेला, मग न घाबरलेला. मला पाच मिनिटं बोलायचं होतं. उतरवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला आणि मी एक अक्षर बोललो नाही. शेवटचं पुस्तक दिलं तेव्हा मी माइककडं पाहिलं. तिथं अजून रांग होती.

मला कोणी परत बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आठवण राहिली नाही.

आता एक नवा घोळ. उजवी थैली रिकामी, डावी भरलेली. गाडी पुन्हा डावीकडं ओढणार. मी लोखंडाचा विचार करत होतो, तेवढ्यात बाया आल्या. कोणी तुरीच्या हिरव्या शेंगा, कोणी भुईमूग, कोणी गूळ. धनीबाईनं स्वतः हात घालून दाबून भरलं. "लदेणी रिकामी नसते फिरत," ती म्हणाली. "मीठ देऊन दाणे न्याचे." रंजितानं गाडी हलवून पाहिली. "अजून थोडं," ती म्हणाली. "उजवीकडं अजून थोडं पाह्यजे." त्यांनी भोपळा आणला.

सोमवार, १५ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी पडदा दाखवला. दोन स्वरतंतू, स्वच्छ. "मला वाटलं नव्हतं तुम्ही पाळाल," त्या म्हणाल्या. "बोला आता काहीतरी."

काय बोलावं ते सुचेना. मी "नमस्कार" म्हटलं. आवाज माझाच होता, थोडा गंजलेला. रंजिता चष्मा पुसत होती. रस्त्यानं धूळ फार होती आज.

अटी आहेत. दिवसाला अर्धा तास, तोही हळू. उन्हाळ्यापर्यंत सभा नाही. अर्धा तास! माझी प्रस्तावना तेवढी असते.

हरिसिंग म्हणाला, "गावानं पेढे वाटाले पाह्यजे." मग म्हणाला, आता सामानाचं काम संपलं, आता काही उसवायचं नाही, काही मोजायचं नाही. मी विचारलं, हे तुला आजच कसं कळलं? तो नुसता हसला. या माणसाची कामाची पद्धत मला कधीच समजलेली नाही.

रविवार, २१ डिसेंबर. सहस्रकुंड

पाणी कमी झालं आहे, तरी काळ्या खडकातून खाली येतं तेव्हा धडधडतं. राजदूत झाडाखाली उभी आहे, थैल्यांवर धूळ बसली आहे आणि कवड्या चमकत आहेत. पुसदच्या घाटात एकदाही डावीकडं ओढलं नाही.

रोजचा अर्धा तास मी या आठवड्यात पाच मिनिटं या विषयावर, सात मिनिटं त्या, असा वाटून खर्च केला आणि संध्याकाळपर्यंत कंगाल झालो. आजचा मात्र राखून ठेवला होता. धबधब्यापाशी बसून, नदी, आपलं फिरणं, येणारं वर्ष यांवर नीट काहीतरी बोलायचं होतं, फक्त रंजितासाठी.

उमरखेड सोडलं तेव्हा ती मागून काहीतरी सांगायला लागली. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं, जी पळून जाऊन लग्न करणार होती आणि ऐन वेळी शिवणाची परीक्षा द्यायला परत आली. त्यातून तिच्या मावशीचं निघालं, मावशीतून एका हरवलेल्या रेडकाचं. हेल्मेटमुळं अर्धं ऐकू यायचं नाही, म्हणून मी गाडी हळू केली. मग अजून हळू. मागच्या ट्रकांनी हॉर्न वाजवले, मी त्यांना पुढं जाऊ दिलं.

आता सूर्य खाली गेला आहे. ती खडकावर बसून अजून सांगते आहे आणि हातानं रेडकाची उंची दाखवते आहे. मी मान हलवत लिहितो आहे. माझा अर्धा तास तसाच पडून आहे. पण रेडकू अजून सापडलेलं नाही.